पदवीचे साल नको, अनुभव पाहा

महोदय,

चाळिशीनंतर पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांविषयीचा आपला लेख वाचला. ‘वय आड येत नाही’ हे त्यातले म्हणणे मला अर्धेच पटले. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कमाल वयाची अट नाही, उलट किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीलाही वयोमर्यादा नाही. पण इतरत्र हीच अट मागच्या दाराने येते. जर्मनीतील ‘डाड’ (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीसाठी शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

गेल्या वर्षी मी एका संस्थेचा अर्ज भरत होते. ‘पदवीचे वर्ष’ या चौकटीत २००३ निवडायला गेले, तर यादी २०१५ पाशीच संपत होती! एकोणीस वर्षांची नोकरी नोंदवायला जागाच नव्हती. घराचे हप्ते आणि मुलांची फी सुरू असताना नोकरी सोडून शिकणे बहुतेकांना परवडत नाही, आणि अर्धवेळ शिकणाऱ्याला मदत फारच थोड्या ठिकाणी मिळते. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी पदवीच्या सालाऐवजी कामाचा अनुभव मोजावा आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांचे शुल्क सत्रागणिक भरावे, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक