शब्द पाठ होतात, वापरता येत नाहीत

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत रोज ५० इंग्रजी शब्द मराठी अर्थासह पाठ करण्याचा प्रघात आहे. त्यात श्रम खूप, हाती फार थोडे लागते. शब्दासमोर एकच मराठी प्रतिशब्द लिहिला की त्याची छटा गळून पडते. ‘नोटोरियस’ म्हणजे खरे तर ‘कुप्रसिद्ध’; पण नुसते ‘प्रसिद्ध’ असे टिपणारा विद्यार्थी मग आवडत्या लेखकालाही नोटोरियस म्हणून मोकळा होतो. ‘इकॉनॉमिक’ अर्थव्यवस्थेचे आणि ‘इकॉनॉमिकल’ काटकसरीचे, हा फरकही असाच निसटतो.

रोज ८ ते १० शब्द पुरेत, पण ते वाचलेल्या मजकुरातून उचललेले असावेत. वहीत मूळ वाक्य पूर्ण उतरवावे आणि शब्दाचे शेजारी पाहावेत. पावसाला ‘हेवी’ लागते, ‘स्ट्राँग’ नाही. वाऱ्याला मात्र ‘स्ट्राँग’ चालते. ‘डिस्कस’ या क्रियापदानंतर ‘अबाउट’ येत नाही. मग स्वतःचे एक वाक्य लिहावे. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी आणि महिन्याने करावी, तीही अर्थ झाकून. नुसती नजर फिरवली तर शब्द ओळखीचा वाटतो, पण लिहिताना सुचत नाही.

निवडीसाठी न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दसूची (अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट) उपयोगी आहे. तीत ५७० शब्दकुळे, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द यांचे गट, आहेत. दुर्मीळ, भारदस्त शब्दांच्या मागे लागण्याआधी ती हाताळावी. शाळांनीही नमुना वाक्ये देणाऱ्या इंग्रजी-इंग्रजी विद्यार्थी कोशाच्या निदान चार प्रती प्रत्येक वर्गात ठेवाव्यात, कपाटात कुलूपबंद नव्हेत.

– एक इंग्रजी शिक्षक, सांगली