कोठ्याच्या दारात चपला काढणाऱ्या आबाजींना

आबाजी, नमस्कार.

तुमच्याजवळ बटनाचा फोन, म्हणून हे तुमच्या नातीच्या मोबाईलवर पाठवते, ती वाचून दाखवेल. खरं तर घरी येऊनच बोलायचं होतं, पण तोंडानं बोलायला गेली की मी रडते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. आणि चार लोकांनी वाचावं असंही वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिली.

शेजारी साक्षगंध होतं, तुम्ही पाहुणे. जेवणं झाली, बाकीचे मांडवात सुपारी कातरत बसले आणि तुम्ही आमच्या कुंपणाजवळ उभे राहून तारेवरचे मी ठशानं छापलेले दुपट्टे पाहत होते. मला वाटलं, झालं, आता हेही विचारतील, काय बाई, डाग पडले का कपड्याले. डागच होते म्हणा ते. लाल म्हणून केलेला रंग जांभळट मातकट आलेला, कापडाची जमीन पांढरी पाहिजे ती चुलीच्या धुरासारखी. तीस दुपट्टे होते आबाजी, तीस! ऑर्डरवाल्यानं परत पाठवले आणि वरून ॲडव्हान्सही मागितला. मी दोन दिवस घरात कोणाशी बोलली नव्हती.

"छपाई कोन करून राह्यलं?" तुम्ही विचारलं. मी म्हटलं, मी. "कुठी करतं?" मी कोठ्याकडे बोट दाखवलं.

आमचा ढोरांचा कोठा तो. बैलजोडी विकल्यापासून रिकामा, तर मी तिथं विटांवर जुना दरवाजा आडवा टाकून, वर गोणपाट आणि दोन गोधड्या अंथरून टेबल केलाय. त्या कोठ्यात सगळे पायताण घालूनच येतात, का नाही येणार, कोठाच तो. सासरे येतात, दूधवाला येतो, पोरं चिखलाच्या पायानं येतात. कर्जाच्या फायलीसाठी पाहणीला आलेला साहेब तर वाळत घातलेल्या कापडावर बूट ठेवून उभा होता, तिथूनच फोटो काढला, आणि जाताना म्हणे, मॅडम, हॉबी म्हणून छान आहे. फाईल अजून तिकडेच आहे, कोणत्या टेबलावर ते देवाला माहीत.

आणि तुम्ही दारात थांबले. गुडघे दुखतात तुमचे, दिसत होतं, तरी चौकटीला हात धरून वाकले, एक-एक चपल काढली, भिंतीशी जोडीनं लावून ठेवली आणि मग आत पाय टाकला. मी म्हटलं, राहू द्या आबाजी, शेणाची जमीन आहे. तुम्ही म्हटलं, "इथी काम होते ना."

एवढंच. तुमच्या लक्षातही नसेल. मी तर त्यानंतर तुम्ही काय बोलले ते पाच मिनिटं ऐकलंच नाही, चपलांकडेच पाहत होती. कॉलेजात असताना वर्ध्याचं मगन संग्रहालय पाहिलं होतं, १९३८ मधे गांधीजींनी उघडलेलं ते, तिथं झाडपाल्याच्या रंगातली खादी हातात घेतली तेव्हापासूनचं हे वेड. प्रत्यक्ष ठसा हातात घेऊन चार वर्षं झाली आणि चार वर्षांत याला खेळ म्हटलं, नाद म्हटलं, टाइमपास म्हटलं, माहेरच्यांनी तर 'शेतीच्या दिवसात हे काय काढलं' म्हटलं. काम कोणी म्हटलं नव्हतं. आमचे हे चांगले आहेत, अडवत नाहीत, पण तेही पाहुण्यांना 'तिचं ते चालू राहते' असंच सांगतात.

मग तुम्ही बादलीतलं पाणी चुळकाभर घेऊन जिभेला लावलं आणि थुंकले. "बोअरचं होय? माय, ज्या पान्यात तुरीची दाय शिजत नाई त्यात रंग कसा शिजन?"

आता हे मला कळायला नको होतं का? दर्यापूर तालुक्यात नांदायला येऊन बारा वर्षं झाली. खारपाणपट्टा म्हणजे काय हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, डाळ दोन तास चुलीवर बुडबुड करत राहिली आणि सासूबाई हसल्या, इथं डाळीला नळाचंच पाणी लागते म्हणे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यात हीच रड. साबणाला फेस नाही, केसांच्या जटा होतात, हे सगळं माहीत होतं आणि रंगाचं काही डोक्यात आलंच नाही!

पण ज्यांना पैसे देऊन मी शिकली त्यांच्या तरी यायला पाहिजे होतं. मोठ्या शहरात तीन दिवसांचा क्लास, फी पूर्ण आगाऊ. हिरडा इतका, तुरटी इतकी, गोंद इतका, सगळं ग्रॅममधे लिहून दिलं, आणि तुमच्याकडचं पाणी कसं आहे हे एकदाही विचारलं नाही. रंग बिघडला तेव्हा मी फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या, दोन दिवसांनी उत्तर आलं की रेसिपी नीट फॉलो करा, आणि खाली पुढच्या कोर्सची फी. नंतर मी वाचलं की कच्छमधे २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, अजरख म्हणजे तिथल्या ठशाच्या छपाईचे रंग बिघडायला लागले, तर तिथल्या खत्री छपाईवाल्यांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवीन गावच वसवलं. पाण्यापायी गाव सोडलं लोकांनी आणि आम्हाला क्लासात पाणी म्हणजे 'दोन लिटर घ्या'.

लोखंडी कढई पाहून तर तुम्ही कपाळावर हात मारला. बरोबर आहे, जुन्या वखराची लोखंडी पास आणि गूळ तीन आठवडे माठात कुजवून मी त्याचा काळा रंग करते, हिरड्यावर तो काळाकुट्ट उठतो, आणि तेच हिरड्यात भिजवलेलं कापड लोखंडात उकळत होती! आता हसू येते.

तुमचं घराणं रंगाऱ्याचं हे तुम्ही जाता जाता सांगितलं. आजोबा जाजमं छापायचे, गिरणीचं कापड आलं, धंदा बसला, ठसे माळ्यावर पडून राहिले आणि एका हिवाळ्यात न्हाणीचं पाणी तापवायला जाळले. "सागाचे होते, मस्त जयले," म्हटलं तुम्ही आणि हसले. मला नाही हसता आलं.

मी मधल्या काळात कापड सोडलंच होतं म्हणा. लिनो म्हणजे मऊ शीट, ती कोरून कागदावर पत्रिका छापत होती, तैलशाई लावायची आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं, पाण्याची भानगड नाही. पहिल्या पत्रिकेवर 'शुभविवाह' सरळ कोरलं आणि छापून आलं उलटं, अख्खं घर आरसा धरून वाचत होतं, अजून चिडवतात. पत्रिकांनी दोन पैसे दिले, खोटं कशाला बोलू. पण मन कापडात.

नातीच्या हातानं तुम्ही निरोप धाडला, "पयल्या पावसाचं पानी जाऊ देजो, दुसऱ्याचं धरजो." मी पत्र्याला पन्हाळ लावली, दोन ड्रम घेतले, एक पितळी गंज, म्हणजे पातेलं, माहेरून आणला. आणि जुलैत मंजिष्ठाच्या लाल रंगात कापड टाकलं तर आबाजी, गुंजेसारखा लाल आला, आणि त्यावर तो काळा ठिपका, हुबेहूब गुंज. मी ओलं कापड तसंच घेऊन घरात पळाली, सासऱ्यांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कोठ्याच्या दारात त्यांच्या चपला बाहेर दिसल्या. खरंच सांगते.

तुम्हाला काय पडली होती हो? साक्षगंधाला आलेला माणूस, जेवला, निघून गेला असता. मला राहून राहून हेच वाटते की माझ्याकडून पैसे घेतलेल्यांनी जे केलं नाही, पगार घेणाऱ्यांनी जे केलं नाही, ते ज्यांचं काही देणं-घेणं नाही ते करून जातात. आमच्या एसटीचा एक कंडक्टर आहे, पावसाच्या दिवसात माझा गठ्ठा उचलून स्वतःच्या सीटजवळ ठेवतो, वर गळते म्हणून, नावही माहीत नाही मला त्याचं. अशी माणसं आहेत म्हणून गाडं चालू आहे, नाहीतर फायलींवर कोण जगते.

त्या तिसातले दोन दुपट्टे तुम्ही मागून नेले होते, वावरात डोक्याला बांधायला होतात म्हणून. पैसे द्यायला लागले तर मी भांडली होती. आता नातीजवळ एक नवीन पाठवलाय, पावसाच्या पाण्यातला. सावलीत वाळवा. एका कोपऱ्यात काळा जरासा पसरलाय, तुम्हाला दिसणारच, म्हणून आधीच सांगून टाकते.

तुमची,
कोठ्यातली छपाईवाली