नानाने सही केली आहे

प्रिय मुरलीधर यास,
सप्रेम नमस्कार.

माझी साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे होते तसेच आहेत. तब्येतीचे एवढे पुरे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला भडकतोस आणि माझे दुसरे वाक्य घशातच राहते, म्हणून हे लिहितो आहे. पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर कोणालाही फोन लावू नकोस, विशेषतः नानाला.

माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली आहे. रविवारी संध्याकाळी आपल्या ओट्यावर जी प्रार्थना होते (जिच्यात तू चहासाठी यायचास आणि शेवटच्या गीतापर्यंत टाळ्यांचा ठेका चुकवत बसायचास) तिथे आमिष दाखवून लोकांचे धर्मांतर केले जाते, असे तीत लिहिले आहे. आमिष कोणते, तर गुलाबच्या बायकोला बाळंतपणासाठी रात्री धुळ्याला नेले तेव्हा मी दिलेले गाडीचे भाडे. गुलाबच्या घरी नागपंचमीनंतरच्या रविवारी आजही कानबाई देवी बसते, तो आमच्या प्रार्थनेला कधी आलेलाही नाही, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरीही तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सह्या आहेत, आणि त्यांतली दुसरी सही आपल्या नानाची आहे.

हे वाक्य मी मुलाला सांगितले, पाळकसाहेबांना सांगितले, वकिलांनाही सांगितले. मुलगा म्हणाला, "नाना काका असे करतील असे वाटले नव्हते." वकिलांनी नाव लिहून घेतले. अमळनेरच्या त्या खोलीत आपण तिघांनी एका कंदिलावर काढलेली वर्षे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असणार? म्हणून तुला लिहितो.

सही कळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कळण्याचा (ज्वारी-उडदाच्या दळणाचा) डबा घेऊन मुद्दाम त्याच्याच गिरणीवर गेलो. पट्टा फिरत होता, पीठ उडत होते, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी डबा ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, डब्याच्या झाकणाकडे पाहिले, आणि त्या आवाजात मला ऐकू जावे म्हणून ओरडून सांगितले, "गिरणी बंद आहे, मास्तर." गिरणी चालू होती हे सोड. त्याने मला मास्तर म्हटले. शाळेत नोकरीला लागलो त्या दिवशीही ज्याने भर चावडीवर "शम्या" अशी हाक मारली होती, त्याच्या तोंडून मास्तर. आता आमचे दळण दोंडाईच्याला जाते. ही म्हणते की तिथे जास्त बारीक दळतात आणि भाकरी चांगली होते. तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

पोलीस ठाण्यात मला रात्री उशिरापर्यंत बाकावर बसवून ठेवले. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. अंमलदार तर माझ्या विद्यार्थ्याचा मेहुणा निघाला आणि त्याने चहा मागवला. दोन्ही बाजूंना कलम १६८ ची नोटीस दिली (आपल्या वेळची १४९, आता कायद्याचे नाव आणि आकडे बदलले आहेत). म्हणजे ज्यांनी ओट्यावर येऊन बाजाची पेटी उचलून अंगणात ठेवली ते आणि ज्यांची पेटी होती तो, दोघांनीही शांतता राखावी. नंतर तंटामुक्ती समितीची बैठक झाली आणि तीत तोडगा निघाला: मी एक हमीपत्र द्यायचे की यापुढे माझ्या घरी प्रार्थना होणार नाही आणि बाहेरचे कोणी जमणार नाही, मग तक्रार मागे घेतली जाईल. कागद टाइप करून तयार आहे, फक्त माझी सही बाकी आहे. मुलगा म्हणतो, करून टाका बाबा, प्रार्थना काय मनातही होते. पाळकसाहेब म्हणतात, देव मार्ग दाखवील. ही काहीच म्हणत नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच ऐकू येते.

या दिवसांत मंडळीतल्या लोकांनी मोबाइलवर पुष्कळ वचने पाठवली. उगवता सूर्य, गुलाबाचे फूल आणि त्यावर "भिऊ नकोस". त्यांचे प्रेम मला कळते, पण खरे सांगतो, एकही वचन आत उतरले नाही. मी भ्यालोच नव्हतो. मला राग आला होता, आणि रागावर कोणी फूल पाठवत नाही.

तुला आठवते, आपण खोलीवर कडाक्याचे भांडलो होतो? माझ्या बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून तू अठ्ठावन्नावे स्तोत्र मोठ्याने वाचलेस, "देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड", आणि विचारलेस की हा कसला धर्मग्रंथ, ही तर चौकातली मारामारी आहे. त्यावर तू विनोबांना मध्ये आणलेस. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते गीतेवर बोलत, साने गुरुजी लिहून घेत, आणि त्यात कोणाचे दात पाडायची भाषा नाही, असे तू ऐकवलेस. मी पौलाने तुरुंगातून लिहिलेली पत्रे पुढे केली. मग नाना उठला, दोघांचे ग्रंथ ट्रंकेत ठेवले आणि म्हणाला, तुमचे दोन्ही तुरुंग संपले असतील तर खिचडी लावा. त्या वादाचा निकाल तेव्हा लागला नाही. आता माझ्यापुरता लागला आहे, तो ऐक.

पस्तिसाव्या स्तोत्रात म्हटले आहे की खोटे साक्षीदार उठतात आणि मला ठाऊक नसलेल्या गोष्टी मला विचारतात. ठाण्यातल्या बाकावर मला शब्दशः तसेच विचारत होते: पैसे कुठून येतात, किती माणसे फिरवली, वरचा साहेब कोण. पुढे तोच स्तोत्रकर्ता म्हणतो, ते आजारी होते तेव्हा मी गोणपाट नेसलो, उपास केला, सख्ख्या भावासाठी करावा तसा शोक केला. नानाची बायपास झाली तेव्हा तू सुरतेहून आणि मी इथून पैसे उभे केले आणि मी त्याच्या उशाशी बसून होतो, ते आठव. माझ्या पैशाने धर्मांतर होत असते तर नाना आज बिशप झाला असता! आणि पंचावन्नावे स्तोत्र तर मी दार लावून वाचले: शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तो तू निघालास, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, ज्याच्याशी मी गोड गोष्टी बोलत होतो. हे लिहिणारा लगेच क्षमा करत नाही. तो ओरडतो, शाप देतो, पळून रानात जावे म्हणतो, मला पंख असते तर असे म्हणतो. मीही ते सगळे देवाला मोठ्याने ऐकवले, दातांसकट. ते तिथे बोलून झाले म्हणून गिरणीवर बोलावे लागले नाही. तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. पटत नसेल तर आल्यावर भांड.

पण शास्त्र नुसते पाठीवरून हात फिरवत नाही. पेत्राने पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, लिहिले आहे की ख्रिस्ताच्या नावासाठी निंदा झाली तर तुम्ही धन्य. आणि लगेच पुढच्या ओळीत बजावले आहे की खून, चोरी, दुष्कर्म किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्याबद्दल मात्र कोणी दुःख भोगू नये. या ओळीपाशी मी बराच थांबलो. माझ्यावर जे आले आहे ते ख्रिस्तामुळे की दुसऱ्याच कशामुळे, हे तपासल्याशिवाय छळ झाला, छळ झाला असे म्हणत फिरणे मला जमेना. तपासले तेव्हा कळले की नानाच्या पुतण्याला पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहायचे आहे, आणि गावठाणाच्या कडेच्या त्या जागेवर शाळेची खोली व्हावी असा अर्ज देणाऱ्यांत माझे नाव पहिले आहे, जिथे त्याला दुकाने काढायची आहेत. धर्म हा नुसता वर लावलेला फलक आहे. गंमत अशी की हेही पुस्तकात आहे. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना पकडले ते एका दासीच्या धन्यांची कमाई बुडाली म्हणून. पण अधिकाऱ्यांपुढे नेल्यावर ते धनी कमाईचे नावही काढत नाहीत. ते म्हणतात, हे लोक शहरात गोंधळ माजवतात आणि आपल्या रीतीविरुद्ध शिकवतात. प्रेषितांच्या कृत्यांतला सोळावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तक्रारीची नक्कल हातात घेऊन तो पहिल्यांदाच वाचला.

त्या अध्यायावर जेवढी प्रवचने ऐकली ती सगळी मध्यरात्रीपाशी संपतात. फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकवलेले दोघे जण गाणी गातात, भूकंप होतो, दारे उघडतात, तुरुंगाचा नायक विश्वास ठेवतो, आमेन. सकाळचे कोणी सांगत नाही. सकाळी अधिकारी निरोप धाडतात की सोडून द्या त्यांना, आणि पौल जायला तयार होत नाही. तो म्हणतो, आम्ही रोमी नागरिक असता चौकशीवाचून आम्हांला चारचौघांत फटके मारले, तुरुंगात टाकले, आणि आता गुपचूप घालवता काय? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे. आणि त्यांना यावे लागते, विनवणी करावी लागते. रात्री गाणारा आणि सकाळी कायदा सांगणारा माणूस एकच आहे, मुरलीधर. गाणे म्हटले म्हणून त्याने हक्क सोडला नाही, आणि हक्क मागताना मारणाऱ्यांना शिव्याही दिल्या नाहीत.

म्हणून मी हमीपत्रावर सही करणार नाही. वकिलांनी बजावले आहे की राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे, तरी १९७७ साली स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे असे म्हटले आहे. तेव्हा जपून बोला. मी म्हटले, मला कोणाला धर्मांतरित करायचे नाही, माझ्या ओट्यावर माझ्या पेटीवर गायचे आहे, आणि न केलेल्या गुन्ह्याची हमी माझ्या हस्ताक्षरात कोणाच्या फाइलीत ठेवायची नाही. उद्या माझ्या नातवाला कोणी तो कागद दाखवील की तुझ्या आजोबांनीच कबूल केले होते. समितीला मी लेखी उत्तर दिले. तिसऱ्या अध्यायात तोच पेत्र म्हणतो की तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने. उत्तराचा पहिला मसुदा सौम्य नव्हता. हिने वाचला आणि त्यावर तव्याचा गरम चिमटा ठेवला. दुसरा गेला.

इतके असूनही रात्री झोप येत नाही, हे तुला न सांगणे खोटे होईल. गेल्या रविवारी ओट्यावर आम्ही दोघे आणि ती आंधळी म्हातारी एवढेच होतो. बाकीचे भ्याले, आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांना मजुरीला याच गावाच्या शेतांत जायचे असते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल म्हणतो की माझ्या पहिल्या सुनावणीच्या वेळी माझ्या बाजूला कोणी उभे राहिले नाही, सर्वांनी मला सोडले, याचा हिशेब त्यांच्याकडून घेतला जाऊ नये. पण प्रभू उभा राहिला. त्याच पत्रात आलेक्सांद्र तांबटाने माझे फार वाईट केले असेही तो नाव घेऊन लिहितो, आणि त्रोवसात ठेवून आलेला झगा व पुस्तके घेऊन लवकर ये, हिवाळ्यापूर्वी ये, अशी गळ घालतो. प्रभू उभा आहे म्हणून माणूस नको, असे त्याला वाटत नाही. मलाही वाटत नाही.

तेव्हा तू ये. वकील म्हणतात तुझा जबाब उपयोगी पडेल, कारण तू हिंदू, इथला, आणि त्या ओट्यावर वर्षानुवर्षे बसूनही जसाच्या तसा राहिलेला. नानाच्या दवाखान्याचे पैसे कोणी कसे दिले तेही तुलाच सांगता येईल. पण ते तू त्याच्यासमोर, अधिकाऱ्यांपुढे आणि आवाज न चढवता सांगावेस. त्याच्या घरी जाऊन सांगणार असशील तर येऊच नकोस. त्याच्यावर पुतण्याचे दडपण आहे, जमीन एकत्र आहे, आणि सही करताना त्याचा हात कापत होता असे पोलीस पाटलाने मला खासगीत सांगितले. मी त्याला क्षमा केली आहे असे लिहीत नाही. रोज सकाळी करतो आणि दुपारी दळणाची आठवण झाली की ती मागे घेतो.

तुझ्या नातीचा दहावीचा निकाल कळला, तिला माझ्याकडून शाबासकी दे. उधन्याचा फ्लॅट विकण्याची घाई करू नकोस, आणि मोतीबिंदूचे काय ते एकदा करून घे. वहिनींना नमस्कार.

तारीख ठरली की कळवतो. भुसावळच्या गाडीने दोंडाईच्याला उतर, मी स्टेशनवर असेन. येताना सुरतेहून घारीचा एक डबा नानासाठी आण. डॉक्टरांनी त्याला तूप आणि गोड दोन्ही बंद केले आहे हे मला ठाऊक आहे, तरी आण. माझ्या हातून तो घेणार नाही, तुझ्या हातून घेईल, आणि पैसे मी देतो हे मात्र त्याला सांगू नकोस, नाहीतर तेही तक्रारीत जाईल.

तुझा,
शमुवेल