सूचना : कासदाह (दगडी) तपासणी

सर्व दूध उत्पादक सभासदांनो,

पावसाळी ओल आहे, गोठ्यात दगडीच्या तक्रारी वाढतात. सड सुजेपर्यंत थांबू नका. सुप्त कासदाहात कास आणि दूध दोन्ही चांगलंच दिसतं, फक्त दूध हळूहळू कमी होतं.

रोज पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढा. गुठळी, पाणचटपणा चटकन दिसतो. पंधरवड्याला धुण्याच्या पावडरीची चाचणी करा : अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम पावडर. चार सडांचं दूध चार वाट्यांत, तेवढंच द्रावण घालून हलवा. शेंबडासारखं घट्ट झालं, की तो सड बाधित. (वाट्या स्वयंपाकघरातल्या नकोत, घरी बोलणी बसतील!)

बाधित गाय शेवटी पिळा. प्रतिजैविक चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध संकलनाला आणू नये.

– सचिव