मुंबई विमानतळाला जाताना गाडी घरीच ठेव

पुणे

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. मुग्धाकडे जायची तिकिटं झाली, वहिनींचा व्हिसाही आला, हे ऐकून फार बरं वाटलं. पण ‘सचिन गाडीने सोडेल आणि रातोरात परत येईल’ असं तू सहज बोलून गेलास, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

सातारा ते मुंबई विमानतळ म्हणजे अडीचशे किलोमीटर. तुमचं विमान रात्री दोनचं. तुम्ही अकराला आत जाल, विमानात बसलात की झोपाल. सचिन मात्र सकाळी दुकान उघडून, दुपारपासून गाडी हाकून, तेवढंच अंतर एकटा परत कापणार. एकच्या सुमारास तो बोरघाटात असेल आणि तीनच्या सुमारास खंबाटकीत. आपण सगळे जायच्या वेळेचा हिशोब मिनिटामिनिटाने करतो, सोडायला आलेल्याच्या परतीचा कुणी करतच नाही. माझ्या धाकट्या भावाने आमच्या ताईला असंच सोडलं होतं. येताना खालापूरच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. चाकं कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली, खडखडाट झाला आणि त्याने जागा होऊन गाडी सावरली. घरी त्याने हे आठवड्याने सांगितलं. आई तेव्हापासून कुणाला रात्री सोडायला जाऊ देत नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

गाडी विमानतळावरच ठेवायचं म्हणशील, तर तीन महिन्यांसाठी तो विचारच नको. तिथे दिवसागणिक पैसे चढतात, आणि परत आल्यावर बॅटरी उतरलेली.

म्हणून माझं ऐक. सकाळी साताऱ्याहून विनाथांबा एसटीने स्वारगेटला या. मी न्यायला येतो. आमच्याकडे जेवा, तासभर आडवे व्हा. साडेतीन-चारच्या दादर शिवनेरीत मी तुम्हाला बसवून देतो. दादरपर्यंत जायचं नाही, चेंबूरला मैत्री पार्कला उतरायचं. तिथून मोबाइलवर टॅक्सी मागवायची, पण मोठी, कारण दोघांच्या मिळून तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा असणार. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने हायवेला लागून सहारच्या उड्डाणमार्गाने टॅक्सी थेट टी-टूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या, दारात सोडते. वाटेत घाट तुंबला तरी हाताशी दोन तास राहतात. घाट तुंबला की बसही अडकते, हे खरं आहे. शुक्रवार-रविवारची संध्याकाळ असेल तर आणखी एक तास आधी निघायचं. पण तेव्हा क्लच दाबून दाबून पाय दुखायचा तो तुमच्यापैकी कुणाचा नसतो.

बॅगांची एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. डिकी चालक बाहेरून उघडतो. चढतानाच त्याला ‘मैत्री पार्क, विमानतळाला जायचंय’ असं सांग आणि बॅगा दाराच्या बाजूला ठेवायला लाव. नाहीतर दादरवाल्यांच्या सामानाखाली तुझ्या बॅगा जातात आणि हायवेच्या कडेला उभं राहून उपसाउपशी करावी लागते. पासपोर्ट, औषधं आणि वहिनींची दागिन्यांची डबी डिकीत अजिबात नको, मांडीवरच्या पिशवीत ठेवा.

पैशाचंही सांगतो. एक्स्प्रेसवेला कारचा टोल एप्रिल २०२३ पासून एका बाजूचे ३२० रुपये आहे, सचिनची परतफेरी धरली की दुप्पट, वर डिझेल. शिवनेरीत वहिनींना अर्धंच तिकीट, २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना ती सवलत आहे. एसटीने केलेलं हे फार चांगलं काम.

आणि खरं सांगू? मला ती बस मनापासून आवडते. आपण कॉलेजात असताना दादरला जायचो ती एशियाड आठवते ना? १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून तिला ते नाव पडलं, दादरच्या त्या थांब्याला लोक अजून एशियाडच म्हणतात. तेव्हा घाटात खिडकीची जागा मिळावी म्हणून तू रुमाल टाकायचास. आता जागा आधी आरक्षित करता येते, तुझ्यासाठी खिडकीच घेईन. अमृतांजन पूल मात्र दिसणार नाही, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमधे पाडला.

येताना मुग्धा बरोबर आली आणि तिच्याकडे एकच बॅग असली, तर तिला दिवसा मेट्रोही आहे. टी-टूपासून दादरपर्यंत भुयारी मेट्रो मे २०२५ मध्ये सुरू झाली. दादरला पश्चिमेकडून पूर्वेला यायला लागतं तेवढंच. तुम्ही दोघांनी चार बॅगा घेऊन तो उद्योग करू नका.

निघायची तारीख आणि वार लगेच कळव, म्हणजे मी तिकिटं काढून ठेवतो. वहिनींना विचार, जेवायला पुरणपोळी चालेल की प्रवासाआधी साधा वरणभातच बरा. सचिनला म्हणावं, साताऱ्याच्या स्टँडवर बॅगा चढवून दे, पुढचं काका बघतील.

तुझा,
अरुण