शाळेचे फाटक संध्याकाळी उघडे ठेवा

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शाळांची मैदाने संध्याकाळी परिसरातील मुलांना मोकळ्या खेळासाठी खुली करण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय आपल्या विभागाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा मुलांच्या झोपेची दखल घेतली गेली म्हणून आम्हा पालकांना समाधान वाटले. हे पत्र दिवसाच्या दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या वेळेविषयी आहे. शहरांतल्या मुलांचा हा वेळ शिकवणी, छंदवर्ग आणि मोबाइल यांनी वाटून घेतला आहे.

त्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. हेतू चांगलाच होता. पण योग, ध्यान, स्वसंरक्षण अशी त्याचीही आखणी मोठ्यांनीच करून ठेवली. मुलांना आनंद द्यायचा तर तोही वेळापत्रकात बसवून, ही आपली खोड काही सुटत नाही.

मी ज्या खेळाविषयी लिहीत आहे, तो शिकवावा लागत नाही. कोणावर राज्य आहे हे मुले चकून ठरवतात, मैदानाच्या हद्दी चपला ठेवून आखतात आणि एखादीच्या मागे लागून आलेल्या धाकट्या भावाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेतात, म्हणजे तो सगळ्यांबरोबर धावतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. दुबळ्याला सामावून घेणारा हा नियम कोणत्याही परिपत्रकाने घालून दिलेला नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या बोलवायचे की नाही, याचा निवाडाही तिथेच होतो, आणि बहुतेक वेळा उद्या तो पुन्हा खेळायला आलेला असतो. शिट्टी घेऊन उभा असलेला प्रशिक्षक आला की हे सगळे थांबते, कारण मग भांडण मिटवायचे काम त्याचे होते.

यासाठी जागा लागते, आणि ती आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण सांगितलेले आहे. विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क मानणारा संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा ३१ वा अनुच्छेद भारताने १९९२ मध्येच स्वीकारला आहे. तरीही शाळा सुटली की अनेक ठिकाणी फाटकाला कुलूप लागते. आमच्या सोसायटीत ‘चेंडू खेळण्यास मनाई आहे’ असा फलक आहे, आणि उरलेल्या जागेवर गाड्यांसाठी पट्टे आखले आहेत. जवळची टर्फ तासाच्या भाड्याने मिळते. ते भाडे दहा जणांत वाटून घेणाऱ्या मुलांना हरवलेला चेंडू शोधायलाही वेळ नसतो.

हा प्रश्न केवळ मौजेचा नाही. तैवानमध्ये मुलांमधील लघुदृष्टीचे, म्हणजे दूरचे अंधूक दिसण्याचे, प्रमाण सतत वाढत होते. तेथे २०१० पासून शाळांमार्फत मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर घालवायला लावण्याचा कार्यक्रम राबवला गेला, आणि त्यानंतर ते प्रमाण घटू लागले. त्यासाठी कसरत करावी लागत नाही. दिवसाचा उजेड पुरतो.

माझी मागणी मर्यादित आहे. महापालिका आणि नगरपालिका क्षेत्रांतील सरकारी व अनुदानित शाळांची मैदाने रोज संध्याकाळी दोन तास परिसरातील मुलांसाठी उघडी ठेवावीत. वर्गखोल्या बंद राहू द्याव्यात, पण पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह उघडे हवे, कारण त्याच्याअभावी मुली लवकर घरी परततात. मोठ्या मुलांच्या क्रिकेटने सगळे मैदान व्यापू नये म्हणून काही भाग लहानांसाठी राखावा. आणि कृपा करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. विटी कोलायला गल खणावी लागते, आणि ती मातीतच खणता येते.

मुख्याध्यापक कुलूप का लावतात, हेही समजून घ्यायला हवे. कोणाचा हात मोडला तर जाब त्यांना विचारला जातो. त्यामुळे नुसते ‘मैदाने खुली ठेवावीत’ असे कळवून भागणार नाही. शाळेच्या वेळेनंतर खेळताना झालेल्या किरकोळ दुखापतीसाठी मुख्याध्यापकांना जबाबदार धरले जाणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे लागेल. फाटक उघडणाऱ्या आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या मानधनाची तरतूदही त्यातच हवी. हे काम आधीच दमलेल्या शिक्षकांवर टाकू नये. त्या माणसाने खेळ घ्यायचे नाहीत, फक्त तिथे असायचे.

महापालिकांच्या शाळांचा संबंध नगरविकास विभागाशीही येतो, म्हणून दोन्ही विभागांनी मिळून आदेश काढावा. सगळीकडे एकदम शक्य नसेल, तर प्रत्येक महापालिकेने प्रभागातील एक शाळा निवडून येत्या दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करावी. आमच्या प्रभागातली शाळा निवडली गेली, तर पहिले काही महिने संध्याकाळी फाटकाशी बसायला आम्ही पालक आळीपाळीने तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक पालक, पुणे