ऊन असलं तरी लाईट गेली की सोलर बंद, हे विकताना का नाही सांगितलं?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

साहेब / मॅडम,

गेल्या डिसेंबरात मी तुमच्याकडून घरावर ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (म्हणजे बाहेरच्या वीज लाईनला जोडलेलं) सोलर बसवून घेतलं, सूर्यघर योजनेतून, ७८,००० सबसिडी पण खात्यात आली. ऊन चांगलं असलं की दिवसाला १२ युनिटच्या आसपास पडतात, बिल खरंच उतरलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तुमचा माणूस छत बघायला आला तेव्हा मी एकच गोष्ट दोनदा विचारली होती. आमच्याकडे दिवसाची लाईट जाते, अण्णांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, बॅटरी नाही घेतली तर लाईट गेल्यावर ते सोलरवर चालेल का? तो म्हणाला, "ऊन असलं की चालणारच काका, बॅटरी रात्रीसाठी." त्या एका शब्दावर बॅटरी रद्द केली.

परवा गुरुवारी सकाळी साडेदहाला लाईट गेली आणि मशीन बीप बीप करत बंद पडलं, मी पळत जिन्याखाली गेलो तर सोलरच्या इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) लाल दिवा आणि स्क्रीनवर 'नो ग्रिड', म्हणजे बाहेरची लाईन नाही, वर पत्रा तापून हात लावू देत नव्हता एवढं ऊन. घरात छोटा सिलेंडर होता म्हणून निभावलं, पण त्याचा पाना सापडेपर्यंत अण्णांची बोटं निळसर पडली होती. पावणेदोनला लाईट आली. तोपर्यंत आई त्या सिलेंडरच्या काट्यासमोरून हलली नाही.

मशीनला लागतात ३५० वॅट. छतावर ३ किलोवॅट.

नंतर चौकशी केल्यावर कळलं की इन्व्हर्टर बिघडलेला नाहीच, लाईट गेली की त्याने बंद व्हायचंच असतं, नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे बरोबरच आहे, तो नियम नको असं मी म्हणणार नाही. पण हे तुमच्या माणसाला माहीत असायला हवं होतं ना? आणि वेगळा बॅकअप पॉइंट असलेले काही इन्व्हर्टर असतात, जे बाहेरच्या लाईनपासून वेगळे होऊन बॅटरीशिवायही दिवसा थोडा लोड चालवतात, ते तर आम्हाला दाखवलंच नाही.

फोन केला तर तुमचा टेक्निशियन म्हणतो जनरेटर लावा, सोलर आपोआप सुरू होईल. अहो, घरातला लोड कमी असला तर सोलरची जादा वीज जनरेटरमध्ये घुसून तो जळू शकतो, असले सल्ले कृपया कुणालाच देऊ नका.

माझं म्हणणं एवढंच, की हा इन्व्हर्टर परत घेऊन बॅकअप पॉइंटवाला हायब्रिड (बॅटरीही जोडता येते असा) द्या, किमतीतला फरक मी भरतो, बसवायची मजुरी आणि नेट मीटरचे (लाईनवर गेलेली आणि घेतलेली वीज मोजणारं मीटर) परत काही कागद लागले तर ते तुमच्याकडे. मशीन, एक पंखा आणि दोन दिवे यांची वायरिंग वेगळी काढा. ढग आला की बॅटरीशिवाय तो पॉइंटही बंद पडू शकतो हे आता मला कळलंय, म्हणून अण्णांच्या मशीनपुरती छोटी बॅटरी मी घेईन, पण ती किती तास चालेल ते लेखी द्या, तोंडी नको.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार आहे. कोटेशन, बिल आणि त्या दिवशीचा स्क्रीनचा फोटो सोबत जोडलाय. येताना आधी फोन करा, दुपारी अण्णा झोपलेले असतात.

आपला ग्राहक